सहासष्ट ग्रॅमचे पिल्लू

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका असून डोंबिवलीत एकटीच राहते. जुलैमधल्या एका पावसाळी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या कचराकुंडीजवळ कोणीतरी आणून ठेवलेल्या खोक्यात मांजराची तीन पिल्ले सापडली. डोळे मिटलेले होते आणि सुकत आलेली नाळ पोटाला तशीच होती. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका ताईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी ती ठेवून घेतली. मोठी झाली की चांगले घर शोधायचे, असे ठरले. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोघांची वजने ९८ आणि १०४ ग्रॅम भरली, तिसऱ्याचे ६६. दुसऱ्या रात्री ते तिसरे गार पडले, बाटली ओढेना, तेव्हा घाबरून मी ड्रॉपरने त्याच्या तोंडात दूध सोडत राहिले. पहाटे ते गेले. उरलेली दोन, एक बोका आणि एक भाटी, आता नऊ आठवड्यांची आहेत. बाटली ओढताना त्यांचे कान हलत, ते पाहण्यासाठीच मी रात्री तीनला उठत असे की काय, असे आता वाटते. ठाण्याचे एक कुटुंब दोघांनाही एकत्र न्यायला तयार आहे. मला विचारायचे आहे ते असे : ते पिल्लू माझ्या हातून गेले का? ही दोन देणे म्हणजे त्यांना पुन्हा टाकून देणेच नव्हे का? आणि आमच्या वॉचमनने कालच मीटरच्या खोलीत आणखी दोन पिल्ले असल्याचे सांगितले आहे, ती मी आणावीत का?

उत्तर : आपण सरळ विचारले आहे, तेव्हा उत्तरही सरळच देते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणे ही चूक होती. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही. सारी ऊब ते आईकडून आणि भावंडांकडून घेते. त्याच्या अंगाचे तापमान साधारण ३६ अंश सेल्सिअस असते. ते ३४ च्या आसपास उतरले की आतड्यांचे काम थंडावते, चोखण्याची ताकद जाते आणि तोंडात सोडलेले दूध पोटाऐवजी फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. अशा वेळी पिल्लाला आपल्या अंगाशी किंवा कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीशी धरून तासा-दोन तासांत हळूहळू ऊब आणावी, मग हिरड्यांना थोडे ग्लुकोजचे पाणी चोळावे, आणि ते स्वतःहून चोखू लागल्यावरच दूध द्यावे.

परंतु ते पिल्लू आपल्याकडे आले तेव्हाच त्याची बाजू किती पडती होती, हेही पाहिले पाहिजे. नवजात पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते. ६६ ग्रॅमचे पिल्लू आईच्या कुशीत असते तरीही त्याच्या जगण्याची खात्री कोणी दिली नसती. आईच्या पहिल्या चिकातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच घेता येते, आणि दुबळे पिल्लू स्तनापर्यंत पोहोचण्याच्या धडपडीत मागे पडते. अशा हळूहळू विझत जाणाऱ्या पिल्लाला आम्ही ‘फेडिंग किटन’ म्हणतो. ते एका आजाराचे नाव नाही, अनेक कारणांच्या शेवटाचे आहे. तेव्हा आपल्या दुधानेच ते गेले असे मी म्हणणार नाही, आणि दुधाचा काहीच संबंध नव्हता असेही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पदवी गाठीशी असताना माझ्या घरीही अशी पिल्ले गेली आहेत, आणि दर वेळी मी काटा पुसून ठेवताना हाच प्रश्न स्वतःला विचारला आहे.

कानांचे वाचून मात्र मी मनापासून हसले. चोखताना जबड्याबरोबर कान असे लयीत मागेपुढे होतात, आणि ते दिसले की आम्हीही निर्धास्त होतो, कारण पिल्लू केवळ निपल चघळत नसून दूध खरोखर ओढते आहे याची ती चांगली खूण आहे. त्यानंतरचे सुख काट्यावरचे. रोज १० ते १५ ग्रॅम वाढ हवी असते, आणि पहाटे काट्यावर कालच्यापेक्षा १२ ग्रॅम जास्त दिसल्यावर होणारा आनंद ज्याने अनुभवला नाही त्याला समजावून सांगता येत नाही. मग दुसऱ्या आठवड्यात निळसर डोळे उघडतात, चौथ्यात पिल्लू मातीच्या ट्रेमध्ये स्वतःहून जाते, आणि आपण उगीचच शेजाऱ्यांना फोन करून ती वार्ता देतो.

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : द्यावीत. दोन भावंडांना एकत्र नेणारे घर सहज मिळत नाही. टाकून देणाऱ्याने खोके पावसात ठेवले आणि तो निघून गेला. आपण मात्र घर पाहून, खिडक्यांना जाळी आहे का ते विचारून, लसीकरणाचे कार्ड हाती देऊन पाठवणार आहात. पुढच्या लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, आणि नसबंदी चौथ्या-पाचव्या महिन्यात, हे त्या कुटुंबाकडून आधीच कबूल करून घ्यावे. ज्या चादरीवर ती झोपतात ती न धुता सोबत द्यावी, म्हणजे ओळखीचा वास नव्या घरी जाईल. आपल्याला मात्र पुढचे काही दिवस तीन वाजता आपोआप जाग येईल. त्यावर माझ्याकडे औषध नाही. ती ठेवून घेतली तरी ते पाप नव्हे; फक्त पुढची पंधरा वर्षे त्यांची जबाबदारी आपली असेल आणि तान्ह्या पिल्लांसाठी आपल्या घरात जागा उरणार नाही, एवढा हिशेब करावा.

मीटरच्या खोलीतली पिल्ले मात्र लगेच उचलू नयेत. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, आणि सातचा आकडा सोडला तर ते खरे आहे. ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, आणि उरलेली पिल्ले नेमकी तेवढ्यात आपल्यासारख्या दयाळू माणसांच्या नजरेस पडतात. पिल्ले उबदार, पोट भरलेली आणि शांत झोपलेली असतील तर आई जवळच आहे असे समजावे. भोवती पीठ भुरभुरून तिच्या पावलांचे ठसे पाहण्याची युक्ती सांगितली जाते. पण पिठाला मुंग्या लागतात, म्हणून मी हातभर अंतरावर रांगोळीची पुसट रेघ ओढते. पिल्ले गार असतील, सतत रडत असतील किंवा त्यांना मुंग्या लागल्या असतील, तर मात्र वाट पाहू नये.

आणावीच लागली तर त्यांना वेगळ्या खोलीत ठेवावे, त्यांचे दूध आधी उरकावे, आणि हात धुऊन व कपडे बदलून मगच मोठ्या पिल्लांकडे जावे. पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो. फिनाइलवर त्याबाबत विसंबता येत नाही, शिवाय फिनाइल मांजरांना विषारी आहे. घरगुती ब्लीचच्या एका भागात ३२ भाग पाणी घालून फरशी पुसावी आणि ती कोरडी झाल्यावरच पिल्ले सोडावीत.

प्रश्न : आमच्या गावात तान्ह्या पिल्लाला गाईचे दूध पाणी घालून देतात. ते चालते का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : चालत नाही. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात; त्यात पाणी घातले की पोषण आणखी पातळ होते, आणि गाईच्या दुधाने जुलाब लागले की एवढ्याशा जिवातले पाणी काही तासांत संपते. प्राण्यांच्या दुकानांत पिल्लांसाठी दुधाची भुकटी मिळते, ती कोमट पाण्यात कालवून पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी द्यावी. पिल्लाला बाळासारखे उताणे धरू नये, पोटावर पालथे ठेवून पाजावे, आणि प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलके पुसावे, कारण साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्याला शी-शू आपणहून करता येत नाही. ते काम आई जिभेने करते.