मार्च आणि जूनच्या याद्यांमध्ये दर्जा बदललेली कर्जखाती एक्सेलमध्ये कशी मोजायची?

तुम्ही दोन्ही महिन्यांची थकीत खाती काउंटइफने (अटीत बसणाऱ्या ओळी मोजणारं सूत्र) मोजून वजाबाकी केलीत आणि ती शाखेच्या यादीशी जुळत नाही म्हणता. जुळणारच नाही. वजाबाकीत निव्वळ फरक येतो, किती खाती हलली ते येत नाही.

निपाणीकडच्या एका पतसंस्थेची अशीच फाईल हाती आली होती. मार्चअखेर थकीत १४०, जूनअखेर १४६. अहवालात "६ वाढली". खातं धरून जुळवलं तर जुन्या १४० पैकी २२ नियमित, ९ बंद, १०९ तशीच. नियमितमधली ३४ नव्याने थकलेली, आणि ३ चक्क मार्चनंतर उघडलेली. वसुलीला जायची नवी दारं ३७, कागदावर ६!

दोन्ही याद्यांचे खातेक्रमांक एकाखाली एक चिकटवून रिमूव्ह डुप्लिकेट्स करा, म्हणजे प्रत्येक क्रमांक एकदाच राहील. समोर एक्सलुकअपने (यादीत क्रमांक शोधून त्यासमोरची माहिती आणणारं सूत्र) मार्चचा दर्जा, शेजारी जूनचा. सापडला नाही तर 'नाही' येईल असं सूत्रातच लिहा. मग पिव्होट, म्हणजे आपोआप मोजणी करणारा तक्ता: ओळीत मार्च, स्तंभात जून. दोन्हीकडे एकच दर्जा असलेले चौकोन सोडले तर बाकी सगळी हललेली. नुसत्या मार्चच्या यादीवर लुकअप लावलात तर ती ३ दिसत नाहीत, जूनच्या यादीवर लावलात तर बंद झालेली ९ गायब.

घोळ होतो तो क्रमांकात. एकीकडे मजकूर, दुसरीकडे संख्या असेल तर लुकअपला खातं सापडत नाही आणि असलेल्या खात्यासमोरही 'नाही' येतं. १६ आकडी क्रमांक संख्या म्हणून उघडला की शेवटचा आकडा शून्य होतो. मजकूर ठेवला तरी काउंटइफ पहिले १५ आकडेच बघतं, म्हणून आधी शाखेचं अक्षर जोडा. आपल्या सीमाभागातली खास अडचण म्हणजे एक शाखा 'थकीत' लिहिते, दुसरी कन्नडमध्ये 'सुस्ती'. पिव्होटला ते दोन वेगळे दर्जे वाटतात. आधी एक करून घ्या, शेवटची मोकळी जागा ट्रिमने काढा.

एक राहिलं. ऊसबिल जमा होऊन मेमध्ये नियमित झालेलं आणि जूनमध्ये परत थकलेलं खातं यात 'तसंच' दिसतं. ते हवं असेल तर दर महिन्याची यादी लागेल. एक्सेल २०१९ किंवा जुनं असेल तर एक्सलुकअप नाही, इंडेक्स-मॅच वापरा. वरचे आकडे बदललेले आहेत, हिशेब तोच.

आणि "एकूण जुळलं ना, मग झालं" म्हणणाऱ्या साहेबांना पिव्होटची बेरीज दाखवा. १४० आणि १४६ तिथेही येतात.