सगळ्यांचे ग्रुप ठरलेत, मी कशातच नाही

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं दुसऱ्या सत्रात माझ्याकडे समुपदेशनाला येतात, ती बहुधा हेच वाक्य घेऊन. या मुलाचंही तेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कॉलेजात नाना भाषांची, नाना थरांतली मुलं. माहितीपुस्तिकेत त्याचं केवढं कौतुक! कँटीनमध्ये मात्र ज्याचं त्याचं टेबल वेगळं. हा ताट घेऊन घुटमळायचा, फोन आल्यासारखं करायचा आणि खोलीवर जाऊन जेवायचा.

"मॅडम, माझ्या बोलण्यातच काही खोट आहे का?"

कुणी उच्चारावरून, जातीवरून, रंगावरून टोमणे मारतं का, हे मी आधी विचारून घेतलं. तसं असेल तर तो एकटेपणाचा प्रश्नच नाही. तारीखवार लिहून ठेवून सरळ तक्रार करायची. तसं काही नव्हतं. मग विचारलं, "या आठवड्यात वर्गाबाहेर एकच माणूस दोनदा भेटला, असं कोण?"

बराच वेळ आठवून म्हणाला, "कुणीच नाही."

मुलं एका आवारात आणली की आपोआप मिसळतात, हा भाबडा समज आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच त्याच्या अटी मांडल्या होत्या: बरोबरीचं नातं, सर्वांचं एकच उद्दिष्ट, मिळून करायचं काम आणि संस्थेचा पाठिंबा. कँटीनच्या टेबलावर यातलं काय असतं? शिवाय मैत्रीला वेळ लागतो. जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास लागल्याचं दिसलं, जिवलग मैत्रीला 200 च्या वर. आपण मुलांना ओळखीचा एक कार्यक्रम देतो आणि हात झटकतो.

आपल्या भाषेच्या मुलांत बसणं म्हणजे कोतेपणा, असंही मला वाटत नाही. दिवसभर परक्या भाषेत बोलून जीभ जड झालेल्याला तिथे जरा मोकळं होता येतं. फक्त तेवढ्यावर थांबू नये.

त्याला म्हटलं, "टेबलांचा नाद सोड. तू नाही आलास तर कुणाचं तरी अडेल, असं दर आठवड्याचं एक काम धर." त्याने नाटकाच्या ग्रुपमध्ये प्रकाशयोजनेला हात लावायचं ठरवलं. तिथे बोलायला विषय शोधावा लागत नाही. 'ती वायर धर' एवढ्यावर भागतं. पहिले काही आठवडे तेवढंच बोलणं झालं आणि तो वैतागला. मी म्हटलं, तास मोज, माणसं नको.

जेवण अजून कधीकधी खोलीवरच होतं. परवा त्याने आमच्या भेटीची वेळ बदलून मागितली. त्या वेळेला तालीम होती.