दहा अक्षरं, सोळा मात्रा

नवशिक्यांना चाल लावायला शिकवणारी एक पुस्तिका सध्या सांगली-मिरजेकडच्या क्लासांमधून हातोहात फिरते आहे. तिच्यातले नियम पाळून अडलेल्यांचे हे प्रश्न.

पुस्तिका म्हणते, जितकी अक्षरं तितक्या मात्रा (तालाचे ठोके). माझी ओळ 'सांज उतरली कृष्णेकाठी'. अक्षरं दहा, केरवा ताल आठ मात्रांचा. दोन जास्त होतात. शब्द कापू का? (विटा)

कापू नका, ओळ चांगली आहे. चुकली ती मोजणी. ऱ्हस्व अक्षराची 1 मात्रा, दीर्घाची 2. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला की ऱ्हस्वाच्याही 2. आता मोजा. सां 2, ज 1, उ 1, त 1, र 1, ली 2: झाल्या 8. कृ एरवी 1, पण पुढे ष्णे आहे म्हणून 2. मग ष्णे, का, ठी प्रत्येकी 2: पुन्हा 8. म्हणजे केरव्याची बरोबर दोन आवर्तनं (पूर्ण फेऱ्या). 'सां' एका समेवर (फेरीच्या पहिल्या मात्रेवर), 'कृ' पुढच्या.

पेटी बंद ठेवून आधी टाळीवर ओळ म्हणा. ज-उ-त-र यांपैकी एखादं ताणलं गेलं की 'ली' उशिरा येते आणि 'कृ'ची सम हुकते. बहुतेकांचा 'उ' ताणला जातो.

अक्षरं मोजणं सरसकट खोटं नाही. मोठा अभंग 6-6-6-4 असा अक्षरांवरच चालतो, तिथे ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत. भजनी ठेक्याच्या 8 मात्रांत सहा अक्षरं घालायची तर शेवटचं अक्षर लांबवून उरलेल्या दोन मात्रा भरता येतात. चार अक्षरांच्या चरणात प्रत्येकाला दोन. पुस्तिकेनं अभंगाचा हिशोब भावगीताला लावला.

मालकंस रागात चाल बांधली. 'तंबोरा नेहमी पंचमात' या नियमानं लावला, पण गाताना काहीतरी बोचतं. (मिरज)

बोचणारच. मालकंसात पंचम (प) वर्ज्य, आणि पहिली तार तोच सतत ऐकवते. ती तार खुंटीनं दोन पट्ट्या (पेटीवरच्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून) उतरवून मध्यमावर (म) आणा, शेवटचा बारीक फरक तारेतल्या मण्यानं काढा. षड्जाच्या (सा) तिन्ही तारांना हात लावू नका. तार उतरली की जवारी (तारेचा झणकार) बंद वाटेल. घोडीवरचा दोरा केसभर पुढेमागे सरकवून ती पुन्हा उघडा. मारवा रागात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, तिथे ही तार निषादावर (नि) लावतात. मिरजेत राहता, पुस्तिकेपेक्षा तंबोरा करणाऱ्या कारागिरालाच विचारलं असतं तर त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं!

'मेजर कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या तीन स्वरांचा) मायनर करायला प कोमल करा' हे बरोबर का? आणि भूप रागाच्या चालीला कोणते कॉर्ड द्यावेत? (तासगाव)

कोमल पंचम नावाचा स्वरच आपल्याकडे नाही. सा आणि प अचल, म्हणजे ते कोमल-तीव्र होत नाहीत. प एक पट्टी उतरवलात तर तीव्र मध्यम वाजेल. उतरवायचा ग. पांढरी एकमधून (पेटीवरची पहिली पांढरी पट्टी सा धरून) मेजर म्हणजे पांढरी एक, तीन, पाच. मायनरला मधली पांढरी तीन सोडून काळी दोन.

भूपात म आणि नि नाहीत. त्यामुळे पुस्तिकेतले म-ध-सा आणि प-नि-रे हे कॉर्ड बाहेरचे स्वर आत आणतात, आणि चाल बिलावल रागाकडे झुकल्यासारखी वाटते. सा-ग-प आणि ध-सा-ग एवढ्यावर मुखडा (गाण्याची पहिली ओळ) भागवा. दोन्हींतले सगळे स्वर भूपातलेच आहेत.

'चाल पांढरी एकमध्येच बांधावी.' माझा आवाज तिथे खाली जातो. (कवठेमहांकाळ)

मग पट्टी बदला, म्हणजे सा दुसरीकडे धरा. बायकांच्या आवाजाला काळी तीन ते काळी पाच या टापूत पाहा. अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर तीनदा हळू आवाजात म्हणा. ओरडल्याशिवाय लागत नसेल तर एक पट्टी खाली या.