विंडोज अपडेट अर्ध्यावर जाऊन परत मागे फिरतं, काय करू?
आधी सी ड्राइव्हवर जागा किती उरलीय ते बघा. एरर कोडच्या शेवटी ७००७० असेल तर घोळ जागेचाच. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज असं जाऊन टेम्पररी फाइल्स उडवा. त्या यादीत 'डाउनलोड्स'वर टिक असेल तर आधी काढा, नाहीतर तिथे ठेवलेले लग्नाचे फोटोही जायचे!

जागा भरपूर असूनही अडतंय? मग बहुतेक उतरवलेली फाइलच खराब आहे. स्टार्ट मेनूत 'सर्व्हिसेस' (मागे चालू असणाऱ्या सेवांची यादी) शोधून उघडा, त्यात 'विंडोज अपडेट' थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन'मधलं 'डाउनलोड' रिकामं करा आणि रीस्टार्ट करा. सगळं पुन्हा उतरेल, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नको. पेनड्राइव्ह वगैरे काढून ठेवा. टक्के हलत नाहीत म्हणून लगेच पॉवरचं बटण दाबू नका; जुन्या हार्ड डिस्कवर तासभरही लागतो.