नव्या वर्षाची ध्येये कोणाच्या दिवसासाठी लिहायची?

नवे वर्ष सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न हमखास येतो : ‘दर वर्षी मी ध्येये ठरवते, पण संक्रांतीपर्यंतही ती टिकत नाहीत; माझ्यात जिद्दच नाही का?’ हा प्रश्न विचारणारी मुले-मुली बहुधा कष्टाळू असतात, घरचे काम सांभाळून शिकत असतात, आणि म्हणूनच त्यांनी स्वतःवर ठेवलेला हा ठपका मला फार खटकतो. अमळनेर तालुक्यातील एका गावातून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या संमतीने येथे मांडत आहे. तिचे नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा तिच्या हातात शंभर पानी वही होती. पहिल्या पानावर लाल आणि निळ्या स्केचपेनने अकरा कलमे लिहिलेली होती : पहाटे चारला उठणे, रोज आठ तास अभ्यास, स्पर्धा परीक्षेचे रोज पन्नास वस्तुनिष्ठ प्रश्न, इंग्रजी वृत्तपत्र, चार किलोमीटर धावणे, मोबाईल पूर्ण बंद, आणि अशीच आणखी काही. त्याखाली पट्टीने आखलेले चौकोन होते. सुरुवातीच्या दिवसांत काही चौकोनांवर बरोबरच्या खुणा होत्या, मग एका रविवारचा रकाना कोरा होता, आणि त्यानंतर पानावर काहीच नव्हते. त्या रविवारी कापसाची शेवटची वेचणी होती आणि घरातील सगळेच शेतात गेले होते. संध्याकाळी ती वही उघडून नुसतीच बसलेली पाहून आई अहिराणीत म्हणाली होती, “इतलं लिखीसन काय व्हई, माय?” मुलीला तो टोमणा वाटला. तिने वही मिटली आणि पुन्हा उघडली ती माझ्यासमोरच.

मी तिला जिद्दीविषयी काहीच विचारले नाही. “तुमच्या घरात चारला कोण उठतं?” एवढेच विचारले. थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, “कोणीच नाही, मॅडम. हे दादाच्या वहीतून घेतलं.” दादा म्हणजे मावसभाऊ. तो पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो. त्याचे जेवण मेसमध्ये, अभ्यास अभ्यासिकेत, आणि दिवसाचे सगळे तास त्याच्या स्वतःच्या हातात. त्याच्या दिवसासाठी आखलेला कार्यक्रम हिने जसाच्या तसा आपल्या वहीत उतरवला होता. काळ्या जमिनीतल्या शेतकऱ्याची पेरणी पाहून मुरमाड रानात तेच बियाणे त्याच अंतरावर टाकले आणि उगवले नाही, तर दोष बियाण्याचा नसतो आणि पेरणाऱ्याच्या कष्टांचाही नसतो.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर अनेक वर्षे काम केले. ‘जमेल तेवढे करू’ अशा मोघम ध्येयापेक्षा स्पष्ट आणि थोडे अवघड ध्येय माणसाकडून अधिक चांगले काम करून घेते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष आहे. मुले हा भाग कुठेतरी ऐकतात आणि म्हणून आकडे लिहितात. त्यांनीच सांगितलेल्या अटी मात्र गळून पडतात : ध्येय माणसाला मनापासून आपले वाटले पाहिजे, आणि ते पेलण्याची क्षमता व साधने त्याच्याजवळ असली पाहिजेत. या मुलीच्या यादीत आकडे भरपूर होते, पण तिचे स्वतःचे घर, तिची बस आणि तिचे शेत यांपैकी काहीच त्या पानावर नव्हते. माझ्या मते ध्येये टिकत नाहीत याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे : आपण ती अशा दिवसासाठी लिहितो, जो आपल्या वाट्याला कधी येतच नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात तिला कोणतेही ध्येय पाळायचे नव्हते. रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी प्रत्यक्ष काय झाले, ते तासवार लिहायचे, त्यात सुधारणा करायची नाही आणि लाजायचेही नाही, एवढेच काम तिला दिले. तिने ते अत्यंत प्रामाणिकपणे केले. साडेपाचला उठणे, पाणी, भाकऱ्या, सव्वासातची गाडी, आठ ते बारा तासिका, दीडची परतीची गाडी, घरी पोहोचेपर्यंत अडीच, मग म्हशीचे चारा-पाणी, संध्याकाळचा स्वयंपाक, आणि रात्री ज्या खोलीत टीव्ही चालू असतो त्याच खोलीत अभ्यास. शेतीला रात्रीची वीज मिळण्याचा तो आठवडा होता. त्यामुळे वडील अकराला गव्हाला पाणी भरायला निघत, आई सोबतीला जाई, आणि धाकट्या भावाला घेऊन ही साडेबारापर्यंत जागी राही. त्यानंतर पहाटे चारला उठण्याचा हट्ट म्हणजे झोपेवरच घाला होता, आणि झोप मोडून केलेले पाठांतर फार काळ लक्षात राहत नाही.

त्या नोंदींत एक जागा मात्र तिच्या नजरेतून सुटली होती. प्रात्यक्षिक नसलेल्या दिवशी बारा ते दीड हा वेळ ती मैत्रिणींसोबत बसस्थानकावर काढत असे. तेथे तिला कोणी काम सांगत नव्हते आणि घरून हाकही येत नव्हती. ‘पण दीड तास तो काय?’ असे ती म्हणाली. आठ तासांचा आकडा डोक्यात बसला, की दीड तास क्षुल्लक वाटू लागतो. हे नुकसान मला अनेक मुलांत दिसते.

मग आम्ही अकरा कलमांकडे पुन्हा वळलो, आणि तेथे जे दिसले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिचा पहिल्या वर्षाचा भौतिक रसायनशास्त्राचा पेपर राहिला होता. त्या विषयाची तिला इतकी धास्ती होती, की अकरापैकी एकाही कलमात त्याचा उल्लेख नव्हता. ज्या गोष्टीची भीती वाटते ती यादीबाहेर राहते आणि जी गोष्ट शोभून दिसते ती यादीत येते, असे पुष्कळदा घडते. नव्या वर्षाची ध्येये लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ‘मी काय लिहायचे टाळले आहे?’ हा प्रश्न स्वतःला एकदा तरी विचारावा, असे मी आग्रहाने सांगते. तिने तो पेपर पहिल्या क्रमांकावर घेतला. दुसऱ्या क्रमांकावर तिच्याच इच्छेने इंग्रजीचे एक पान मोठ्याने वाचणे राहिले. बाकीची दहा कलमे तिने स्वतःच्या हाताने खोडली.

राज्यसेवेचे कलम खोडताना तिचा हात अडखळला. ते स्वप्न सोडायचे नाही, एवढे मी तिला स्पष्ट सांगितले. पण त्या परीक्षेसाठी पदवी लागते, पूर्वपरीक्षेला बसण्याची मुभा पदवीच्या शेवटच्या वर्षापासून मिळते, आणि 2025पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालेली असल्यामुळे दादाच्या जुन्या वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांवर मुख्य परीक्षेची सगळी भिस्त ठेवता येणार नाही. राहिलेला पेपर सोडवणे हीच आजघडीला त्या वाटेवरची तिची पहिली पायरी होती.

ध्येय कसे लिहायचे, याबाबत पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचे 1999 सालचे प्रतिपादन मी नेहमी वापरते. नुसते ‘मी हे करीन’ असे ठरवण्यापेक्षा ‘अमुक वेळ, अमुक जागा आली की मी अमुक करीन’ असे बांधून ठेवले, तर ते हातून घडण्याची शक्यता वाढते. तिने लिहिले : ‘बाराला तासिका सुटली की थेट ग्रंथालयात जाईन, खिडकीजवळच्या टेबलावर बसेन आणि भौतिक रसायनशास्त्राची दोन उदाहरणे सोडवेन.’ उदाहरणे दोनच का, असे तिने विचारले. उष्मागतिकीचे एक उदाहरण अडले तर अर्धा तास सहज जातो, आणि दोन सुटल्यावर तिसरे हाती घ्यायला तिला कोणीच अडवणार नव्हते.

आता राहिला त्या कोऱ्या रकान्याचा प्रश्न. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 96 जणांच्या नव्या सवयी रुजताना पाहिल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला अवघे 18, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यावर फारसा परिणाम होत नाही, हेही त्यात आढळले. हे आकडे ऐकून तिने वहीतील तारखा पुन्हा मोजल्या. ती तर पहिल्याच आठवड्यात स्वतःला नापास करून मोकळी झाली होती. मग चुकलेल्या दिवसासाठीही एक ओळ लिहिली : ‘वेचणी, लग्न किंवा आजारपण यांमुळे दिवस चुकला, तर चुकलेली उदाहरणे दुसऱ्या दिवशी वाढवायची नाहीत, ठरलेली दोनच सोडवायची.’ दंड म्हणून दुप्पट काम लावून घेणारी मुले लवकर थकतात, असा माझा अनुभव आहे.

आईशी बोलायला ती तयार नव्हती. मी तिला एवढेच सुचवले, की आईला यादी दाखवू नकोस, परीक्षेची तारीख सांग आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास मागून पाहा. आईने टीव्हीची वेळ बदलली नाही, पण जेवणानंतरची भांडी भावाकडे सोपवली. ‘इतलं लिखीसन काय व्हई’ हा त्या माउलीचा खराखुरा प्रश्न होता. मुलगी काय लिहिते आणि कशासाठी लिहिते, हे तिला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

येथे एक खबरदारी सांगायला हवी. ध्येये मोडली म्हणून वाईट वाटणे वेगळे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे, आवडत्या गोष्टींतही मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे, असे काही असेल तर ध्येयांच्या याद्या बाजूला ठेवाव्यात आणि समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना लगेच भेटावे. टेलि-मानस ही शासनाची विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. या मुलीशी बोलताना मी हे सर्व आधी विचारून घेतले होते.

आढावा घेण्याचा दिवस तिने स्वतः निवडला : आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात शेतीचे साल आखाजीपासून धरतात, सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराचा, करारही तेव्हाच ठरतो, म्हणून तिला ती तारीख 31 डिसेंबरपेक्षा आपली वाटली. नवी सुरुवात करण्याची उमेद वर्षारंभासारख्या खुणेच्या दिवशी वाढते, हे संशोधनातही दिसले आहे. ती खूण 1 जानेवारीचीच असली पाहिजे असे मात्र नाही.

आखाजीच्या सुमारास ती आली तेव्हा विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा चालू होत्या. ग्रंथालयातील बैठक प्रात्यक्षिक परीक्षेचा काळ वगळता बहुतेक दिवस झाली होती आणि राहिलेला पेपर तिने पूर्ण सोडवला होता. निकाल यायचा होता. इंग्रजीचे वाचन फेब्रुवारीतच बंद पडले होते, कारण त्याला तिने वेळ दिली होती पण जागा दिली नव्हती, आणि घरात मोठ्याने इंग्रजी वाचायला तिला संकोच वाटत होता. ते कलम आम्ही तूर्त काढून टाकले. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचे वेळापत्रक लागेल तेव्हा बाराला सुटणारी तासिका आणि दीडची गाडी यांचा मेळ कदाचित बसणार नाही. त्यामुळे वेळापत्रक फलकावर लागले की पुन्हा एक आठवडा नुसत्या नोंदी करायच्या, आणि त्या घेऊन माझ्याकडे यायचे, असे ठरले आहे.