गाणं घरून येऊ दे

प्रिय पोरी,

भाषेच्या तासाला दिवाळीचं गाणं मोबाईलवरून घेतलंस, झेरॉक्स काढल्यास, रिकाम्या जागा भरायला दिल्यास आणि वर्गातली पोरं गप्प बसली म्हणतेस. बसणारच. गाणं पोरांच्या घरून येऊ दे. छापून हातात दिलं की त्याचा धडा होतो.

गाई-म्हशी ओवाळायचं ते सवाल-जबाबाचं गाणं तुझ्या गावातल्या कुठल्याही म्हातारीला येतं. त्यात गाई-म्हशी ‘कुणाच्या’ आणि लक्ष्मण ‘कुणाचा’. पुढचं पोरांनाच विचारू दे: शेळी कुणाची, शेत कुणाचं, बैल कुणाचे? लिंग-वचनाचा तक्ता न टांगता चा-ची-चे-च्या तोंडात बसतं. एखादं कार्टं म्हणेल, ‘ट्रॅक्टर कुणाचा? बँकेचा!’ हसू दे वर्गाला. वाक्य बरोबर आहे.

बंजारा तांड्यावरची पोरं बोलतच नाहीत म्हणतेस. अगं, दिवाळीत दिवा घेऊन घरोघर ‘मेरा’ करत गाणाऱ्या त्यांच्या बहिणी ऐकल्यास का कधी? ते त्यांच्या गोरबोलीतच म्हणू दे. काय म्हटलं ते मराठीत मागून सांगतील, आणि हौसेनं सांगतील. आधी घरचं, जसं आहे तसं. लाल पेन तेवढा वेळ पर्समध्ये ठेव.

पंचमीची कहाणी सांगताना नांगराच्या फाळानं नागिणीची पिल्लं मरतात तिथं थांब. पुढचं नागिणीच्या तोंडून सांगायला लाव. ‘ती’ची ‘मी’ झाली की क्रियापदं बदलावीच लागतात, शिवाय शेतकऱ्याचा काय दोष म्हणून वर्गात भांडणं जुंपतात ती वेगळी. तात्पर्य विचारू नकोस. कृपा कर, तात्पर्य विचारू नकोस!

माझ्या शेरेबुकात एका साहेबांनी ‘वर्गात गोंगाट’ असं लिहिलं होतं. होताच गोंगाट. भाषेच्या तासाला पोरं बोलत होती, आणखी काय पाहिजे होतं? जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायका तेव्हा गावात होत्या. त्यांना शाळेत आणून बसवायची परवानगी मिळाली नाही आणि मी भांडलो नाही, ते अजून सलतं. तू भांड.

आता वेळ अमावास्या येतेय. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी घरंच्या घरं शेतात पूजेला-जेवायला जातात, शाळेत असतं कोण! आदल्या दिवशी एवढंच सांग: ज्वारीत आंबील शिंपडताना घरचे काय ओरडतात ते नीट ऐकून या, त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत, भज्जीत, काय काय घातलं ते आजीला विचारून या. परत आल्यावर ‘ओलगे ओलगे’ या आरोळीच्या पुढं घरागणिक वेगळं निघेल. त्यातलं खरं कुठलं, असं विचारायला मला फोन करू नकोस. सगळी फळ्यावर लिही.

तुझे गुरुजी