वाचकांचे प्रश्न : फुलदाणीच्या तळावरची खूण

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांपासून चालत आलेली निळ्या नक्षीची, चिनी मातीची उंच फुलदाणी आहे. तिच्यावर कारखान्याचे नाव नाही. तळाला पतंगाच्या आकाराची एक चौकट असून, माथ्यावरच्या वर्तुळात रोमन चार, त्याखाली एक आकडा आणि उजव्या कोपऱ्यात इंग्रजी ‘पी’ अक्षर आहे. फुलदाणी किती जुनी असेल? झिलईवरील बारीक भेगांमध्ये तपकिरी डाग उतरले आहेत, ते ब्लीचिंग पावडरने काढावेत का? लंडनला राहणारी पुतणी ती मागते आहे, तिला पाठवता येईल का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : खूण आपण नीट उतरवून पाठवलीत, म्हणून काळ सांगता येतो. ही ब्रिटनमधील नक्षी-नोंदणीची खूण असून ती १८४२ ते १८८३ पर्यंत वापरात होती. रोमन चार हा मातीच्या भांड्यांचा वर्ग. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वर्गाखाली असे, तर १८६८ पासून तेथे दिवसाचा आकडा आला आणि वर्षाचे अक्षर उजवीकडे गेले. त्यानुसार उजव्या कोपऱ्यातले ‘पी’ हे वर्षाचे अक्षर ठरते, आणि आपल्या फुलदाणीची नक्षी १८७७ मध्ये, म्हणजे कोल्हापुरात नव्या राजवाड्याचे बांधकाम सुरू झाले त्याच वर्षी, नोंदली गेली. मात्र हे वर्ष नोंदणीचे आहे, घडणीचे नव्हे. तीच नक्षी पुढेही काही वर्षे वापरली जात असे. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून ब्रिटिश भांड्यांवर देशाचे नाव येऊ लागले, तेव्हा तळाला ‘इंग्लंड’ हा शब्द नसेल तर फुलदाणी बहुधा त्याआधीची आहे.

ब्लीचिंग पावडर कृपा करून लावू नका. झिलई आणि आतली माती कमी-अधिक आकसल्यामुळे या भेगा पडतात आणि त्यांतून पावडरचे क्षार सच्छिद्र मातीत शिरतात. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ते विरघळतात, उन्हाळ्यात पुन्हा त्यांचे स्फटिक होतात, आणि असे होता होता झिलईचे पापुद्रे सुटू लागतात. डाग राहिले तरी चालतील. गेलेली झिलई परत येत नाही. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडणे पुरेसे आहे. काठाला सोनेरी मुलामा असेल तर तेथे चिंच किंवा भांड्यांची पूड लागू देऊ नये. फुलदाणीत पाणीही घालू नका; फुले ठेवायचीच असतील तर आत काचेचा पेला ठेवून त्यात ठेवा.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने तशी मनाई आहे. पुतणीला चौकटीचे स्पष्ट छायाचित्र मात्र अवश्य पाठवा. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात या नोंदवह्या जपलेल्या आहेत, आणि चौकटीतील उरलेल्या खुणांवरून नक्षी कोणी नोंदवली ते तिला तेथे शोधता येईल.